आजाऱ्याकडे विश्वासाचा हिशेब मागू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम सलाम.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने विचारले होते की, नाताळ सोडला तर चर्चमध्ये वर्षभर नेमके चालते तरी काय? प्रश्नात टोमणा होता की नुसते कुतूहल, ते मला कळले नाही. पण प्रश्न वाजवी आहे. आपले दैनिकही आमच्याकडे २५ डिसेंबरच्या आसपासच फिरकते. चांदणीचा कंदील, केक, लाल टोप्या घातलेली पोरे आणि वर ‘ख्रिस्ती बांधवांमध्ये उत्साहाचे वातावरण’ असा मथळा. फोटो छान असतात, आमची नातवंडे कात्रणे जपून ठेवतात, तक्रार काही नाही. पण उरलेल्या वर्षाबद्दल कोणी तरी लिहायला हवे. आणि लिहायला बसल्यावर आमच्याच लोकांना चार गोष्टी सुनावल्याशिवाय मला राहवणार नाही, म्हणून पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर सुरुवातीला लावा, मधल्या भागाला नको.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. अहिल्यानगर जिल्ह्यातलाच (नाव बदलले तरी तोंडात अजून नगरच येते). आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय, मूळची अमेरिकन मराठी मिशनची. ते मिशनरी १८३१ मध्ये नगरला आले, आणि १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. आमच्यासारख्या मंडळ्या १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. आमचे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) चांगले आहेत, पण त्यांच्याकडे तीन गावे आणि एक जुनी मोटरसायकल. त्यामुळे आठवड्यातले बरेचसे काम बाकीच्यांनाच करावे लागते. ते कसे चालते ते सांगतो.

दर शुक्रवारी दिवेलागणीनंतर आम्ही कोणाच्या तरी घरी जातो. आमची सौ., स्त्री-संघाच्या तीन-चार बायका, एक निवृत्त नर्सबाई आणि बाजाची पेटी उचलायला मी. कोणाच्या घरी जायचे याचा ठराव होत नाही. रविवारच्या उपासनेत सौ. मागच्या बाकावर बसते, ती मुद्दाम. कोण आले नाही हे तिथून दिसते. दोन-तीन रविवार एखादी जागा रिकामी दिसली की शुक्रवार ठरला. घरी गेल्यावर ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहातले एखादे गीत किंवा कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग, मग थोडे वचन, प्रार्थना, आणि चहा. पूर्वी एक पोरगा तबला वाजवायचा. तो चाकणला कंपनीत लागल्यापासून ठेका मीच डाव्या पायाने धरतो, आणि खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर त्यांना तो पोहोचतोही.

खरे काम चहानंतरचे असते. कप विसळेपर्यंत कोणी काही बोलत नाही. मग घरातली बाई हळूच म्हणते, ‘मावशी, जरा थांबता का?’ आणि ट्रंकेतून कागद निघतात. विधवा सुनेचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तलाठ्याकडे अडकलेला असतो. दरमहा १,५०० रुपयांचा प्रश्न असतो. मुलीने कॉलेज सोडायचे ठरवलेले असते. नवऱ्याचे आणि भावाचे बोलणे बंद असते. यात अध्यात्म कुठे आले, असे आमच्यातलेही काही जण विचारतात. मी म्हणतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या सुनेबरोबर तहसीलला जाऊन रांगेत उभे राहून बघा. परतीच्या गाडीत ती आपण होऊन प्रार्थनेचा विषय काढते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ते.

आमच्या मंडळीत गवंड्याच्या हाताखाली काम करणारा एक तरुण आहे. खोकला जाईना म्हणून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट सुरू झाल्या. दोन महिन्यांत ताप गेला, भूक लागायला लागली. नेमक्या त्या वेळी कोणी तरी त्याला बाहेरगावच्या एका मोठ्या सभेला नेले. मांडव, भोंगे, रोषणाई. तिथे त्याला पुढे बोलावून त्याच्याकडून ‘मी पूर्ण बरा झालो’ अशी साक्ष घेतली. टाळ्या झाल्या. घरी येऊन त्याने गोळ्या बंद केल्या. गोळ्या चालू ठेवणे म्हणजे देवावर अविश्वास, असे त्याला कोणी तरी पटवले होते. काही महिन्यांनी थुंकीतून रक्त आले. तो त्याच लोकांकडे गेला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले: ‘तुझा विश्वास डळमळला म्हणून आजार परतला.’

तो मुलगा उपासनेला यायचाच बंद झाला. आजारामुळे नव्हे, शरमेमुळे. छातीत रोग, वर मनात हे की देवानेच आपल्याला नापास केले. आमच्या सौ.ने रिकामी जागा पाहिली आणि शुक्रवारी आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. आईने दार उघडले, तो आत भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्या दिवशी गोळ्यांचा विषय कोणीही काढला नाही. नर्सबाईंनी फक्त दारे-खिडक्या उघडायला लावल्या. दोन गीते झाली. तिसरे त्याने पडल्या पडल्या धरले, कारण ते संडे स्कूलमध्ये शिकवलेले होते. निघताना सौ. त्याला एवढेच म्हणाली, ‘बाळा, गोळी घेताना प्रार्थना करत जा. दोन्ही एकाच घोटात जातात.’

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. औषध अर्धवट सोडले की जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून पुन्हा तपासण्या, वेगळ्या गोळ्या, लांब मुदत. डॉक्टर रागावतील अशी त्याला भीती होती. रागावले, पण आधी बसायला सांगून मग रागावले. निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १,००० रुपये त्याच्या खात्यात येतात. शेजारच्या गल्लीतली आमच्यातली एक आजी स्वतःच्या कोंबड्यांची अंडी रोज पाठवते, आणि ‘ही पैशांची नाहीत’ असे रोज बजावते. औषध अजून चालू आहे. वजन भरते आहे. विटा उचलण्याचे काम सध्या बंद, एका गोदामावर राखणदारी करतो.

या मुलाच्या आजाराचा मला जेवढा राग आला नाही तेवढा त्या एका वाक्याचा आला. ‘तुझा विश्वास कमी पडला.’ हे वाक्य मी कर्करोग झालेल्या बाईच्या उशाशी ऐकले आहे, मूल न झालेल्या जोडप्याच्या घरी ऐकले आहे, तरुण पोरगा गेला त्या घरी तेराव्या दिवसाच्या आत ऐकले आहे. बोलणारे बहुतेक दुष्ट नसतात. त्यांना काही तरी बोलायचे असते आणि दुसरे काही सुचत नाही. पण विश्वास म्हणजे काही तिकीट नव्हे, की ज्याच्याकडे नाही त्याला पुढच्या थांब्यावर उतरवून द्यावे.

हे मी मनाचे सांगत नाही. बायबलच्या ज्या नव्या करारावर बोट ठेवून हे लोक बोलतात, तोच उघडून बघा. गावोगाव मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषित पौलाने त्रफिम या आपल्या सोबत्याला मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवले. तसे त्याने तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी सांगितले आहे, आणि त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक चकार शब्द काढलेला नाही. तीमथ्याचे पोट कायम बिघडलेले, वरचेवर दुखणी. त्याला पौल नुसते पाणी न पिता थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. एपफ्रदीत हा आणखी एक सोबती मरता मरता वाचला, तर पौल लिहितो की देवाने त्याच्यावर आणि माझ्यावरही दया केली, नाही तर माझ्या दुःखावर दुःख आले असते. बरोबर प्रवास करणारा लूक तर वैद्यच. पौलाच्या हातून आजारी बरे झाल्याचे नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे, मी ते मानतो आणि प्रार्थनेने माणसे बरी झालेली पाहिलीही आहेत. पण ज्याच्या हातून माणसे बरी होत, त्यानेच आजारी सोबत्याला दोष दिला नाही. मग आपण कोण?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही मोकळे केले. बायबलमध्ये ईयोब नावाचा एक नीतिमान माणूस आहे, ज्याच्यावर एकामागून एक संकटे कोसळली. त्याचे तिघे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोलले नाही. तिथपर्यंत त्यांचे बरोबर होते. नंतर तोंडे उघडली आणि ‘तुझ्याच हातून काही तरी घडले असणार’ हे पाणउतारा करीत अध्यायच्या अध्याय सांगत राहिले. शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, या तिघांवर पेटला. आमच्याकडे ईयोबावर प्रवचने पुष्कळ होतात, पण ती सगळी ईयोबाच्या सहनशीलतेवर. मित्रांवर एक प्रवचन व्हावे अशी पाळकसाहेबांना माझी केव्हाची विनंती आहे.

‘एकमेकांना धीर द्या, एकमेकांची उभारणी करा’ हे वचन आमच्या किती तरी घरांत भिंतीवर असते, कॅलेंडरच्या शेजारी. ते पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीके शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले. इ. स. ५० च्या सुमाराचे हे पत्र. त्यामागची हकीकत मात्र भिंतीवर लिहिलेली नसते. पौल त्या शहरात फार दिवस राहूच शकला नाही. दंगा उसळला, यासोनाच्या घरावर जमाव चालून गेला, बंधुजनांनी पौलाला रातोरात बिरुया गावाला लावून दिले. मागे राहिली ती नवशिकी माणसे, ज्यांचा शिक्षक अर्ध्यावर निघून गेलेला, शेजारी विरोधात, आणि त्यातच त्यांच्यापैकी काही जण मरण पावले. मेलेल्यांचे आता काय होणार, ही त्यांची धास्ती होती. पौलाला राहवेना म्हणून त्याने तीमथ्याला परत पाठवले, आणि मग पत्र लिहिले. त्याने त्यांना ‘मी येईपर्यंत थांबा’ असे सांगितले नाही, बाहेरून कोणी मोठा वक्ता बोलावा असेही नाही. एकमेकांचे तुम्हीच करा, आणि तसे करीतच आहात, असे सांगितले. शाबासकी देत देत सांगितले, हे मला फार आवडते.

त्याच अध्यायात चार ओळी खाली तो माणसामाणसांत फरकही करतो. आळशांना ताकीद द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सहनशीलता सगळ्यांशीच ठेवा. आमच्याकडे याचे उलटे होते. खचलेल्याला ताकीद मिळते आणि आळशाला व्यासपीठ.

आमच्या भागात हे काम एके काळी बायबलबाया करायच्या. आपल्या तरुण वाचकांना हे ठाऊक नसेल. मिशनने नेमलेल्या किंवा नुसत्याच मनाने वाहून घेतलेल्या या बायका. बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या. छत्री, कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमान आणि डोकेदुखीचा बाम. पायी गावोगाव फिरायच्या. मुक्कामी गाडीवर असताना नेवासे तालुक्यातल्या एका गावी अशी एक म्हातारी झालेली बाई मला भेटली. तिला सगळे गाव नुसते ‘बाई’ म्हणे. गाडी लागली की ती कंदील घेऊन यायची आणि ड्रायव्हरला व मला पहिला प्रश्न एकच, ‘जेवलात का?’ ड्रायव्हर वारकरी, माळकरी माणूस. त्यालाही तिच्याकडची भाकरी चाले. जेवणे झाली की ती त्याला हरिपाठ म्हणायला लावायची आणि मग मला म्हणायची, ‘आता तू म्हण एक.’ तिच्या अंगणात मी जेवढी गीते पाठ केली तेवढी चर्चमध्ये केली नाहीत.

त्या बाईंची आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात वाढलेली. छप्पनच्या दुष्काळात (संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००) रमाबाईंनी ज्या शेकडो अनाथ मुलींना आसरा दिला त्यांतली ती एक. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणले, आणि मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्याही आश्रमातल्याच बायका. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. दुष्काळात रस्त्यावर उचललेली पोर उद्या अक्षरजुळणी करील असे ज्या बाईला वाटले, तिने त्या पोरीला किती उभे केले असेल! आमच्या बाई हे अभिमानाने सांगत, आणि लगेच पुढे म्हणत, ‘पण तिथे आधी पोटभर जेवू घालत हो. वचन मागून.’

बाईंना घाई नसे, हे मला विशेष आठवते. निरक्षर सुनांना त्या एकच वचन वाचून दाखवत, आणि पाठ होईपर्यंत पुढचे काढत नसत. कोणी शंका घेतली तर रागावत नसत. आमच्या जिल्ह्याला तर याचा मोठा दाखला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही सोवळे-ओवळे, स्वयंपाक, पाणी सगळे वेगळे सांभाळत राहिल्या. त्यांच्यावर कोणी विश्वास लादला नाही, लादला असता तर त्या लादून घेणाऱ्यांतल्याही नव्हत्या. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. त्यांचे मन आतून वळले, आणि मग टिळकांनी अर्ध्यावर सोडलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य ‘ख्रिस्तायन’ ह्याच लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला थांबू दिले, तिने एवढे काम केले.

आता उसाचे सांगतो, कारण आमच्याकडे उसाशिवाय कोणतीच गोष्ट पूर्ण होत नाही. दिवाळी उलटली की पाथर्डी, शेवगाव, बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या फडावर उतरतात. त्यांत काही कुटुंबे ख्रिस्ती असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, संसार. त्यांचा नाताळ दर वर्षी फडातच जातो. तुमचे फोटोग्राफर शहरातल्या चर्चच्या पायऱ्यांवर असतात तेव्हा ही माणसे रात्री दोनला ट्रकमध्ये मोळ्या भरत असतात. आमची कॅरल पार्टी, म्हणजे दारोदार नाताळची गीते गाणारा गट, दोन-तीन कोप्यांपर्यंत तरी जातेच. चिखल, कुत्री, आणि पेटीत जाणारी उसाची धूळ. पेटीचे दोन सूर त्यापायीच गेले आहेत.

एका वर्षी भाकरी थापता थापता एक बाई म्हणाली, ‘मावशी, आम्ही वर्षातले सहा महिने देवाच्या हजेरीत नसतोय बघा.’ उपासना नाही, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) नाही, पोरांना संडे स्कूल नाही. मी काही तरी मोठे बोलायच्या तयारीत होतो, तेवढ्यात सौ. म्हणाली, ‘मरीयासुद्धा त्या रात्री गावाबाहेरच होती की गं. आणि दिवस भरलेली.’ बाई हसली. मग तिने आम्हाला काळा चहा दिला आणि आमच्या शेळीसाठी वाढ्यांची मोळी बांधून दिली. कोणी कोणाला उभारी दिली हे ठरवणे अवघड. आमच्या पाळकसाहेबांनी त्यानंतर फडावर जाऊन प्रभुभोजन द्यायला सुरुवात केली, संध्याकाळी आठनंतर, कारण त्याआधी तिथे कोणाला वेळ नसतो. माझ्या मते आमच्या मंडळीने अलीकडे घेतलेला हा सगळ्यांत शहाणा निर्णय. त्यासाठी वर्गणी लागली नाही, इमारतही लागली नाही.

दुसऱ्या एका कामाला मात्र याहून जास्त धाडस लागते, ते म्हणजे डाग लागलेल्या माणसासाठी जामीन राहण्याचे. पहिल्या मंडळीतला बर्णबा आमच्यात सगळ्यांना माहीत आहे तो शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवणारा म्हणून. पण यरुशलेमात शौलाला, म्हणजे पूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलालाच, कोणी जवळ करीना, तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे नेणारा बर्णबाच. पुढे त्याला शोधायला तार्सापर्यंत जाऊन अंत्युखियास आणणाराही तोच. आणि योहान मार्क हा त्यांचा सोबती मोहिमेतून अर्ध्यावर परतला म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर घेईना, तेव्हा बर्णबाने पौलाशी वाद घातला, दोघे वेगळे झाले, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. अखेरच्या दिवसांत तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मध्ये कोणी तरी मार्कासाठी भांडले होते म्हणून हे झाले.

आमच्याकडे एक पोरगा दारूत गेला होता. आवाज असा गोड, की बास. दारू सुटल्यावर त्याने कॅरल पार्टीत यायची इच्छा दाखवली, तर कमिटीत कुजबुज. लोक काय म्हणतील, घरोघरी जायचे असते, कोणी तरी प्याले घेऊन उभा असेल तर? तेव्हा एक म्हातारे शिपाईकाका, जे कमिटीत कधी बोलत नाहीत, ते उठून म्हणाले, ‘तो माझ्या शेजारी चालेल. पडला तर मला पकडा.’ संपला विषय. तो पोरगा त्या रात्रभर काकांचा हात धरून चालला, आणि लोकांना वाटले काकांचेच गुडघे दुखताहेत.

मोबाइलबद्दल न बोलता पत्र संपवले तर आजकाल कोणी म्हातारा समजणार नाही, म्हणून तेही. रोज सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रावर वचन येते. मी वाचतो. पण गेल्या वर्षी एका घरी मयत झाली, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या बाईच्या फोनवर बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातले २९:११ हे वचन वीस-पंचवीस जणांनी पाठवले होते: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. घरी आलेले मात्र चार. शिवाय त्या वचनाच्या आधीचे वचन कोणी पाठवत नाही. ते आहे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना, की सत्तर वर्षे पुरी झाल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हाला परत आणीन. तोवर घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, आणि ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक परत जाणार नव्हते. तरीही ते आशेचेच पत्र आहे, आणि दुःखातल्या माणसाला ते पूर्ण वाचून दाखवले तर जास्त उपयोगी पडते. अर्थात त्यासाठी जाऊन बसावे लागते.

घरात प्रार्थना जमली की हल्ली काही जण संशयाने बघतात, हेही मला ठाऊक आहे. आमच्या शुक्रवारच्या बैठकीत शेजारच्या हिंदू, मुसलमान बायका दारात येऊन बसतात, चहा घेतात, कधी स्वतःचीच अडचण सांगतात. दार उघडेच असते. त्या वाचकमहाशयांनी एकदा जरूर यावे. चहात साखर कमी हवी असेल तर आधी सांगावे.

पाळकसाहेबांना आणि आमच्यासारख्या मंडळ्यांच्या कमिट्यांना एवढेच सुचवतो की, वार्षिक सभेत जमाखर्च वाचतो तशी येऊ न शकणाऱ्यांची यादीही वाचावी: अंथरुणाला खिळलेले, फडावर गेलेले, बाळंतिणी, रुसलेले, आणि ज्यांना आपणच कधी तरी काही बोललो ते. प्रत्येकापुढे एका माणसाचे नाव टाकावे, समितीचे नको. औषध चालू असलेल्याला कोणी औषध सोडायला सांगितले, तर मग तो कितीही मोठा वक्ता असो, त्याला आपले व्यासपीठ पुन्हा देऊ नये. आणि संपादकसाहेब, नाताळच्या पुरवणीत केकचा फोटो छापाच, पण एखादा वार्ताहर जानेवारीत फडावरही पाठवा. मी बरोबर येईन, रस्ता दाखवीन.

जाता जाता एक खासगी विनंती. श्रीरामपूर परिसरात शुक्रवारी संध्याकाळी मोकळा असणारा कोणी तबलजी असेल तर कळवावे. मानधन नाही, चहा नक्की. भजनी ठेका येत असेल तर बाकीचे आम्ही शिकवू. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर